घागरीपुरती वाट

मी कचेरीपुढचा अडसर बोलतोय. हसू नका. रस्त्यात आडवं पडून जन्म काढणं सोपं न्हाय.

मूळचा मी ईट गावचा, बांधावरचा लिंब. छप्पन साली आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, तेव्हाच हणमंतप्पा सुतारानं मला तासून तालुक्याला आणलं. सोनारीच्या यात्रेचे गाडीवाले बैल सोडायचे ते थेट कचेरीच्या खजिन्याला खेटून. नव्या तहसीलदारांनी हुकूम काढला, गल्ली बंद! माझ्या एका टोकाला धोंडा बांधला, दुसरं बेचक्याच्या खांबावर टेकवलं. उत्तरेश्वर शिपायाला बजावलं, "चिठ्ठीशिवाय उचलायचा नाही. चालत येणाऱ्यानं वाकून जावं."

वकील पागोटं धरून वाकले, पाटील कुरकुरत वाकले. लाकडालाही माज चढतो, मला चढला.

मग आडावरून सिद्धम्मा आली, डोक्यावर दोन घागरी, एकीवर एक.

"उचल रं, उत्तरेश्वरा."

"चिठ्ठी न्हाय ना मावशी? मग वाकून जावा."

"वाकू? आन् पाणी तुझ्या साहेबाच्या हुकुमावर सांडू?"

"मग वेशीकडनं वळसा घाला."

"अर्धा कोस! दिसाला आठ खेपा! पाय तू देतोस का?"

आठ जागी पाणी भरून ती पोट भरायची. वळसा पडला की निम्म्या जागा सुटल्याच. ती हलली न्हाय. मागं महानंदा येऊन थांबली, गंगम्मा थांबली. घागरींची रांग लागली.

आत साहेबांना तहान लागली. रांजण कोरडा! ते बाहेर आले. "पाणी कुठंय?"

"आलंय साहेब," उत्तरेश्वर पुटपुटला, "पण चिठ्ठी न्हाय."

"तुमचाच रांजण भराया निघाले होते," सिद्धम्मा कडाडली. "गाड्या अडवा, खजिना राखा, कोण नको म्हणतंय? पण भरल्या घागरीनं वाकायचं कसं, ते तेवढं दाखवा."

साहेब तरणे, हट्टी. "आणा इकडं," म्हणाले. टोपी काढली, घागर डोक्यावर घेतली, माझ्याखाली वाकले आणि कोटासकट न्हाले!

त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. मग साहेबच खो-खो हसले, आणि बाया अशा हसल्या की रांगेतल्या घागरीही डचमळल्या.

दुपारी साहेबांच्या सांगण्यावरून हणमंतप्पा करवत घेऊन हजर. मला दोन हात आखूड कापलं, बेचक्याचा खांब तेवढाच आत रोवला, कडेला घागरीपुरती वाट सुटली. आता गाडी शिरत न्हाय आणि बाई ताठ मानेनं जाते. कापताना दुखलं, खोटं कशाला बोलू? पण जाता-जाता बाया ओला हात माझ्यावर टेकतात. त्या गारव्यापुढं दोन हात लाकडाचं काय एवढं!

रस्ते अडवा बाबांनो, पण आधी तिथनं रोज कोण जातं ते उभं राहून बघा. बरं, सरका आता बाजूला. सिद्धम्मा आली. पाणी जाऊ द्या.