शौकीच्या नावानं

इन्शिराहचा नवरा शौकी वारल्यापासून त्याचा बोका बुंदुक नुसता फुगत चालला होता. डॉक्टरांनी खाणं निम्म्यावर आणलं. इन्शिराह वाटीनं मोजून घालायची, तरी बोक्याला अलेक्झांड्रियातल्या त्या इमारतीचा जिना चढताना धाप लागायची. शेवटी एकदा ती त्याच्या मागोमाग खाली उतरली. मजल्यामजल्यावर दार उघडत होतं. कुठे कलेजी, कुठे मासळी.

"बंद करा हे! मारताय का त्याला?" ती खेकसली.

तळमजल्यावरच्या नजातखाला ओशाळल्या. "अगं, तुझ्या शौकीच्या नावानं घालतो आम्ही. मुक्या जनावराच्या मुखी पडलेलं त्याला पोचतं. तूही घालतेसच ना?"

 जड बोका उचलून इन्शिराह वर आली. शौकीच्या नावानं तिनं अजून एक घासही घातला नव्हता, आणि आता बोक्याच्या पोटात जागा नव्हती.