तारखेच्या दिवशीची दया

सरकारला दया येते, पण नेमकी तारखेच्या दिवशी, सकाळी आठ वाजता. वकीलबाईंना हे आता तोंडपाठ झालं होतं. परमुलखातून कागदांविना आलेल्या मुलांना सरकारी छावणीत कोंडून ठेवता येणार नाही, असा निकाल त्यांना हवा होता. एकाही मुलाचा तसा निकाल लागला, की आतल्या बाकी सदतीस मुलांचंही कुलूप निघालं असतं. म्हणूनच सरकार निकालापर्यंत पोचूच देत नसे. ज्याच्या नावाने याचिका, तेवढंच मूल सकाळी सोडायचं आणि दहा वाजता कोर्टात हात झटकायचे. दोनदा असंच झालं होतं.

आज तिसऱ्यांदा.

"मुलगी आईसकट सोडली, साहेब. आता तक्रारच उरली नाही," सरकारी वकील साळसूदपणे म्हणाले.

वकीलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर सुटल्याचा आनंदही या लोकांनी धड होऊ दिला नव्हता.

"या वेळी मी नुसती सुटका मागितलेली नाही," त्या कडाडल्या. "कोंडलेले चौसष्ट दिवस बेकायदा होते, हे ठरवा. मुलगी सुटली, ते दिवस कुठे सुटले?"

"झालं गेलं गंगेला मिळालं, बाई. खोल्या स्वच्छ, जेवण वेळेवर. त्रास कसला?"

न्यायाधीशांनी फाइल मिटत आणली होती. "मुलगी बाहेर आहे ना? बोलवा, बघू तरी."

शिपायाने आतूनच पुकारा केला. कुणी आलं नाही. पुन्हा केला.

"बघा, गेलीसुद्धा," सरकारी वकील हसले.

वैतागून शिपायाने दार ओढलं. नऊ वर्षांची ती मुलगी दाराला नाक लावून, हात पाठीमागे घेऊन उभी होती. शेजारी तिची आई, तशीच.

"अगं, हाक ऐकू येत नाही? दार ढकलायचं की!"

"दाराला हात लावायचा नसतो, काका," मुलगी म्हणाली. "लावला की जेवण बंद."

सरकारी वकिलांनी कागदांत डोकं खुपसलं. न्यायाधीशांनी फाइल पुन्हा उघडली. "सुनावणी चालेल."

वकीलबाईंनी आभार मानले नाहीत. मानायचे तरी कशाचे?

"आतलं सगळ्यात धाकटं तीन वर्षांचं आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "त्याचा हात अजून कडीला पोचत नाही. पण हात मागे घ्यायला ते शिकलंय."