पोपडे

खारूला आणायलाच मी गेले होते, आणि भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. धाकटी बहीण गेल्यापासून भाऊजी त्या एवढ्याशा पोरीला घेऊन बिऱ्हाड पाठीवर मारून फिरत होते. ते रंगारी. खोलीचं भाडं परवडेना, तेव्हा ठेकेदाराने सांगितलं, जिथे काम चालू आहे तिथेच झोपत जा. म्हणून बापलेक एका नव्या इमारतीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायचे. एक रंगवून झाला की गादी, स्टोव्ह, दोन पातेली उचलून पुढच्यात. आता शेवटचा मजला उरला होता आणि पुढचं काम कुठे दिसत नव्हतं. ‘दोघंही आमच्याकडे या,’ असं मी मागे सांगून पाहिलं होतं. ‘ताई, फुकटचा घास घशाखाली उतरत नाही,’ म्हणून त्यांनी मला गप्प केलं होतं. मला गप्प करणारी माणसं फार नाहीत.

दारातच खारू उभी होती. खारीसारखी जिने चढते म्हणून खारू. वेणी घातलेली, बूट चढवलेले, कपड्यांची पिशवी शेजारी. वेणी वाकडी होती, पण घट्ट. अंगात नवाकोरा स्वेटर, आणि आत शिडीवर उभ्या असलेल्या बापाच्या शर्टाला कोपर म्हणून उरलं नव्हतं.

“ताई, घेऊन जा तिला,” भाऊजी वरूनच म्हणाले. “मी समजावलंय तिला.”

झालं! माझं अख्खं भांडण वाया गेलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. रोलर कोरडा पडला होता तरी छतावर फिरवत होते.

“हा रंगाचा हात संपेपर्यंत मावशीला घर दाखव,” ते म्हणाले.

“कुठलं घर?” मी फटकन विचारलं.

“सगळंच,” खारू म्हणाली आणि तिने माझं बोट धरलं.

आम्ही एकेक मजला खाली उतरत गेलो. दारांना कुलपं नव्हती, खिडक्यांना पडदे नव्हते. बाहेर ढग सरकत होते आणि आत भिंती उजळत, मावळत, पुन्हा उजळत होत्या. आमचे आवाज आमच्याआधी पुढच्या खोलीत पोचायचे. नव्या रंगाच्या वासाने डोकं हलकं झालं. थोड्या वेळाने आपण कितव्या मजल्यावर आहोत हेच मला कळेना, आणि मी काही सहज हरवणारी बाई नाही.

“इथे देवमासा आहे,” एका कोऱ्या भिंतीवर तळवा टेकून खारू म्हणाली.

रंगाचा पहिला हात मारायच्या आधी भाऊजी तिला एक भिंत देत. ते दुसऱ्या भिंती घासत असायचे तोवर ही पेन्सिलीने चित्रं काढायची. मग ‘चला, आता झोपवू या सगळ्यांना’ म्हणत तिचा बाबा त्यांच्यावरून रोलर फिरवायचा. कुठे काय झोपलंय ते तिला तोंडपाठ होतं. बोट लावत ती सांगत गेली. इथे होडी, इथे उडणारी गाय. कुठे कोण राहायला येणार, तेही तिने ठरवून टाकलं होतं: इथे टोपीवाले आजोबा, टोप्या ठेवायला ही फळी. आणि एका पिवळसर खोलीत ती चवड्यांवर चालू लागली.

“इथे आई आहे. हळू बोल.”

मी हळू बोलले. मीही त्या भिंतीवर हात ठेवला. उन्हाने ती कोमट झाली होती. किती वेळ तशी उभी होते, देव जाणे.

जिना चढताना खारूने विचारलं, “मावशी, तुझ्या घरात लोक कधी येणार?”

“कोणते लोक?”

“राहणारे. ते आले की मग आपण कुठे जायचं?”

“अगं वेडाबाई, तिथे आम्हीच राहतो. कायमचे.”

ती थांबली. मी थाप मारतेय की काय, असं तिने मला नीट न्याहाळलं. मग समजूतदारपणे म्हणाली, “म्हणजे तिथे सगळं रंगवून झालंय. म्हणून बाबा येत नाहीये.”

वर पोचले तेव्हा मला धाप लागली होती, तरी मी शिडीखाली जाऊन ठणकावून म्हणाले, “भाऊजी, पोरीला नेते. पण आमच्या घराचं काम तुम्हालाच करावं लागेल. भिंतींचे पोपडे निघालेत नुसते.”

“ओल येते का?”

“येते म्हणजे? धबधबे!”

ते पहिल्यांदा खाली बघून म्हणाले, “इथलं उरकलं की येतो. मजुरी ठेकेदार देतो तेवढीच घेईन.”

आता खरं सांगायचं तर आमच्या भिंती गुळगुळीत होत्या. गेल्याच वर्षी रंग दिला होता. मी घरी आले आणि आमच्या ह्यांच्या हातात उलथनं दिलं. ‘डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?’ असं विचारून झाल्यावर ते निमूटपणे भिंत खरवडायला लागले. मी सुरीने, खारू चमच्याने. घरभर पांढरी भुकटी उडत होती, तिच्यातून ऊन तिरपं येत होतं, आणि आम्ही तिघं त्या धुक्यात चांगली भिंत वाईट करत होतो. इतकी सुखी मी कित्येक वर्षांत नव्हते.

भाऊजी आले. ब्रशांची पिशवी खाली ठेवून त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. ओल कुठेच नव्हती. त्यांनी ह्यांच्या नखांतला चुना पाहिला. मी कमरेवर हात ठेवून तयार होतेच. पण ते खाली वाकले. अगदी खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, बारीक बारीक ओरखडे होते.

“हे कोणी केलं?”

“मी!” खारू म्हणाली. “मावशी म्हणाली, बाबा यायला हवा असेल तर जोरात खरवड.”

भाऊजी भिंतीला पाठ लावून तिथेच खाली बसले. खारू त्यांच्या मांडीवर चढली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले,

“ताई, फारच खराब भिंत आहे हो. वेळ लागेल.”