बावन्न सेकंदांचा चेहरा

माझा नवरा कॅमेरामन आणि मी संकलक. तो शूट करतो, मी कापते. लोकांना हे फार गोड वाटतं. त्यांनी दिवसाचे नऊ तास एका बंद खोलीत बसून आपला नवरा दुसऱ्या बाईकडे कसा बघतो ते पडद्यावर बघावं, मग बोलावं.

दुसरी बाई म्हणजे आमच्या नव्या थरारपटाची नायिका. मोठे डोळे, नाजूक अंगकाठी, त्यामुळे युनिटमध्ये सगळे तिला बाहुली म्हणायचे. माझ्या नवऱ्याला ती दादा म्हणायची आणि त्यावरून मला वहिनी. दादा म्हटलं की सगळं सोवळं होतं असं या मुलींना कोण शिकवतं कोण जाणे!

चित्रपटातला सगळ्यात महत्त्वाचा शॉट बावन्न सेकंदांचा होता. दाराआड एक माणूस सुरी घेऊन उभा आहे, हे प्रेक्षकाला माहीत असतं. बाहुलीला नसतं. ती धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन बोळातून येते. कॅमेरा दाराच्या फटीत, त्या माणसाच्या बाजूला. ती थांबते, आणि कॅमेरा मुंगीच्या पावलांनी तिच्या चेहऱ्याकडे सरकायला लागतो. मध्ये एकही कट नाही. कट म्हणजे प्रेक्षकाला मिळालेली सुटका, श्वास सोडायची परवानगी. ती दिलीच नाही तर माणूस खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो. शेवटी पडदाभर फक्त तिचा चेहरा उरतो आणि तिला पलीकडचा श्वास ऐकू येतो.

"हा प्रसंग गुरुवारी निर्मात्याला दाखवायचाय," दिग्दर्शक फोनवर म्हणाला. "पुढच्या चित्रपटात हिला घ्यायचं की नाही, ते तो यावरच ठरवणार. बिचारी देव पाण्यात घालून बसली आहे. तू नीट लाव, मी बाहेरगावी आहे, मला आधी बघायलाही वेळ नाही. तुझ्यावर सोडतो."

मी शॉट लावला. शॉट उत्तम होता, आणि त्यानेच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या मायेने कोणी सरकतं का कुणाच्या चेहऱ्याकडे? आमच्या लग्नातला माझा एक फोटो याने धड काढलेला नाही. सगळ्यांत माझे डोळे मिटलेले.

आणि मग ते शेपूट. दिग्दर्शक "कट" म्हणाल्यावर कॅमेरा जेवढा चालू राहतो, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. इतरांच्या शॉटला नवऱ्याने दोन सेकंदांच्या वर शेपूट ठेवलेलं नव्हतं. बाहुलीच्या या शॉटला चौदा सेकंद! आवाज बंद झालेला, पण चित्र चालू. ती घाम पुसते, हसते, सरळ कॅमेऱ्यात बघते आणि ओठ हलवून काहीतरी म्हणते. मान वाकडी करून, लाडात. मी ते वीस वेळा बघितलं. ओठ वाचता येईनात. एवढं मात्र कळलं, की हे कुणा परक्या माणसाशी बोलणं नव्हे.

घरी नवरा समोर बसून जेवत होता, बोळातल्या दिव्याला पातळ कापड कसं लावलं ते सांगत होता. मी हं हं करत होते. दाराआड कोण आहे ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. पण विचारायला तोंड कुठून आणू? वीस वर्षं संसार केलेली बाई मी, आणि एका पोरीवर जळते हे कबूल करू?

त्याऐवजी बुधवारी मी तो शॉट कापला. मध्ये घड्याळ घातलं, दाराची कडी घातली, बादलीतून ठिबकणारं पाणी घातलं. चेहरा आला की दीड सेकंदात बाजूला. भीती तिच्या डोळ्यांत भरायला लागली की मी कडीवर जायचे. बावन्न सेकंदांचे अकरा तुकडे केले आणि साळसूदपणे पाठवून दिले.

गुरुवारी दिग्दर्शकाचा फोन आला. निर्माता म्हणाला, हिच्या चेहऱ्यावर काही येतच नाही. पुढचा चित्रपट दुसरीला देऊन टाकला होता, सहीसुद्धा झाली होती. मी "अरेरे" म्हटलं. फोन ठेवला आणि चहा मागवला. खोटं सांगत नाही, तो चहा मला फार आवडला.

संध्याकाळी नवरा मला न्यायला आला. पडद्यावर तेच चालू होतं. तो उभ्या उभ्याच बघत राहिला.

"हे काय केलंस? घड्याळ कशाला? ती घाबरतच नाहीये यात."

"मला बरं वाटलं ते."

"मूळ शॉट लाव."

मी लावला. बावन्न सेकंद सरले. मग शेपूट आलं, ती हसली, तिने मान वाकडी केली. आता मात्र माझ्याने राहवेना.

"काय म्हणते आहे ती तुला?"

"मला?" तो हसायलाच लागला. "मी कॅमेऱ्याच्या मागे, ती लेन्समध्ये बघते आहे. लेन्सच्या पलीकडे कोण बसतं? तू! तिला कोणीतरी सांगितलं होतं, नव्या पोरींना संकलक कापून टाकतात. म्हणून तुलाच विनवते आहे. 'वहिनी, मला कापू नका हं.' सगळं युनिट हसलं तेव्हा. मी मुद्दाम कॅमेरा चालू ठेवला, तुला गंमत म्हणून. सांगायचंच राहिलं बघ."

मी परत लावलं. आता ओठ स्पष्ट वाचता येत होते. वहिनी. मला. कापू नका हं.

त्याच संध्याकाळी मी अकरा तुकडे काढून टाकले आणि शॉट अखंड ठेवला. निर्मात्याला फोन लावला. तो म्हणाला, "आता काय उपयोग बाई, सही झाली." चूक माझी होती, हे मी ना त्याला सांगितलं ना दिग्दर्शकाला.

पहिल्या खेळाला थिएटर भरलेलं होतं. त्या बावन्न सेकंदांत कोणी खोकलंसुद्धा नाही. खेळ संपल्यावर गर्दीतून वाट काढत बाहुली आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. शूटिंग संपल्यापासून तिच्या हाताला काम नव्हतं.

"वहिनी, तुम्ही माझं ऐकलंत. एक सेकंदही कापला नाहीत."

तिचे डोळे भरून आले होते. मी "हो" म्हटलं. आणि तिचे हात हातात असताना, तिच्या खांद्यावरून, माझा नवरा कुठे उभा आहे आणि कुणाकडे बघतो आहे ते शोधत राहिले.