वारेची जाडी

सोनोग्राफीच्या खोलीत तिचं नावच मोजपट्टी पडलं होतं. तपासणी करणारे बाकीचे बाळाचं नाक दाखवून आईबापांकडून वाहवा मिळवत. ही मात्र बाळाला पोसणारी वार किती वाढली, ते मोजत बसायची. जितके आठवडे, साधारण तितके मिलिमीटर, असा तिचा ठोकताळा.

आज टेबलावर तिची धाकटी बहीण होती. मागच्या खेपेला वार वाढलीच नाही आणि बाळ गेलं. याही वेळी तीन आठवड्यांपूर्वी आकडा वीसवर अडकलेला. आता अठ्ठाविसावा आठवडा चालू होता. पडद्यावर एकोणतीस उमटले आणि दोघींचा जीव भांड्यात पडला.

पण मोजपट्टीच्या मनात लगेच पाल चुकचुकली. गर्भाशयाची भिंत मध्येच आवळते, तिथे फुगवटा येतो आणि तो वारेचाच भाग वाटतो. भल्याभल्यांना चकवतो. आहे तो आकडा लिहून मोकळं व्हावं असं तिला फार वाटलं, खोटं कशाला सांगा. तरी ती बहिणीला म्हणाली, अर्धा तास पडून राहा.

खोलीत काळोख होता, यंत्र घुमत होतं. राखाडी उजेडात सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ झालं. बहीण डोळे मिटून सांगत राहिली, की बाळ स्वप्नात येतं, घरभर रांगतं, कपाटातले कपडे उपसतं आणि नाव विचारलं की नुसतं हसतं. ऐकता ऐकता मोजपट्टीलाही ते दिसू लागलं. टेबलाखालून गेलं, जाताना तिच्या पायाला गार हात लावून गेलं. हा अर्धा तास संपूच नये, असं तिला वाटलं.

मग तिने पुन्हा जेल लावलं. फुगवटा ओसरला होता. एकवीस.

"थांबली नसतीस तर?" बहिणीने विचारलं.

"तर आज हसत घरी गेली असतीस. आणि आपल्याला फार उशिरा कळलं असतं." मोजपट्टी म्हणाली. "आजच दाखल हो. रोज लक्ष ठेवता येईल. वेळ आलीच तर डॉक्टर बाळाला लवकर बाहेर काढतील. एवढी लहान मुलंही जगतात गं."

बहीण उठून बसली आणि पोटावरचं जेल स्वतःच पुसू लागली.

"कॉट मिळते का बघ," ती म्हणाली. "आईला मी सांगते, ताई. तू मला सांगितलंस, तेवढं पुरे."