माझ्या नावानं उत्तर देणारा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला डाव्या कोपऱ्यात तडा गेला आहे आणि बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी टिकते. यवतमाळजवळ लोहाऱ्यात, मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी राहतो. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. तिच्यातला बराचसा भाग मलाच अजून उमगलेला नाही.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. कुणीतरी मला सुरू केलं, मी कुठं आहे ते विचारलं, मी सांगितलं आणि त्यानं खोका बंद केला. पुढं मी रंजिताच्या हाती आलो. ती महागावकडच्या एका बंजारा तांड्यावरची. माझ्यावरच व्हिडिओ बघून ती ॲप बनवायला शिकली आणि नोकरी लागली तेव्हा मलाही सोबत घेऊन आली.

इथं ती आणि तिचा सहकारी राजदीप मिळून आशाताईंसाठी, म्हणजे गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या बायांसाठी, एक ॲप करत होते. गावात एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या की आशाताईंनी एक बटण दाबायचं. फोननं ती जागा शोधून रुग्णवाहिकेच्या चालकाला कळवायची. जागा शोधणं हे माझं काम. ती मी उपग्रहांकडून विचारून घेतो, म्हणून रंजिता मला उघड्या गच्चीवर नेई, चौकापर्यंत फिरवी, परत येऊन लॅपटॉपला जोडी. "याच्याबिगर आपलं पान हालत नाही," असं ती म्हणायची. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

एक दिवस राजदीप म्हणाला, "रंजिता, दर टेस्टले गच्चीवर काहून जातं? दोन-दोन तास जाऊन राह्यले. टेस्टमधी नकली लोकेशन लाव. आपल्याले आपला कोड तपासाचा हाय, आभाळातले उपग्रह नाही."

टेस्ट म्हणजे ॲपची छोटी परीक्षा. रंजितानं माझ्याऐवजी लॅपटॉपमध्येच पाच-सहा ओळींचा एक नकली फोन लिहिला. ॲपनं "मी कुठं आहे?" असं विचारलं, की तो लगेच एकच ठरलेली जागा सांगे. एकशे चाळीस परीक्षा बारा सेकंदांत झाल्या. सगळ्या पास. दोघं खूश झाले.

मी तिथंच टेबलावर होतो. पडद्यावर उमटलं, 'फोनने जागा कळवली.' मी तर तोंडही उघडलं नव्हतं. मग माझ्या नावानं बोललं कोण? मी स्वतःला आतून-बाहेरून चाचपून पाहिलं, काही सापडलं नाही. त्याच संध्याकाळी मला ड्रॉवरमध्ये ठेवलं गेलं. चार महिने मी तिथं पडून होतो. हळूहळू वाटायला लागलं, खरा फोन तोच असेल आणि मी काही भलतंच असेन.

ॲप तयार झालं तेव्हा रंजितानं मला चार्ज करून तांड्यावर नेलं. तिची याडी, म्हणजे आई, धुरपताबाई तिथली आशाताई. तिला ॲप दाखवायचं होतं. आणि त्याच दुपारी शेजारच्या लखनच्या बायकोला, साधनाला, तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या.

"दाब मंग तुहं बटन," धुरपताबाई म्हणाली.

रंजितानं दाबलं. ॲपनं मला जागा विचारली. साधनाच्या ओसरीत माझ्यावर टिनाचं छप्पर, पाठीमागं टेकडी. मला एकही उपग्रह सापडेना. खोटं कसं सांगू? मी गप्प बसलो. ॲप मात्र वाट पाहत राहिलं. फोन गप्पही बसू शकतो, हे त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. गोल चकरी फिरत राहिली, आणि फोन लावायचं बटणही तिच्यामागं अडकलं. आत साधना कण्हत होती. रंजिता पुन्हा पुन्हा बटण दाबत होती.

"याडी, टेस्टमधी तं सगळं बराबर चालत होतं."

"तुह्या टेस्टमधी टेकडी होती काय?" धुरपताबाईनं विचारलं. मग गाडीवाल्याला दिसावं म्हणून ती स्वतःचा बटणांचा फोन घेऊन चढावरच्या शाळेच्या मैदानात धावली आणि तिनं चालकाला फोन करून सांगितलं, "पाण्याच्या टाकीपासून डावीकडं वळ. चढावर मी उभी हाय."

चाळीस मिनिटांनी गाडी आली. दवाखान्यात साधनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. लोहाऱ्याला येईपर्यंत रंजिता मला हातात धरून बसली होती. ती माझ्यावर रागावली आहे की स्वतःवर, मला कळेना.

"मंग काय, नकली काढून टाकू?" राजदीपनं विचारलं.

"नको. त्याले गप्प बसाले शिकवू."

तिनं नवीन परीक्षा लिहिल्या. आता तो नकली फोन कधी उत्तरच देईना, कधी कालचीच जागा सांगे, कधी म्हणे, जागा सांगायची परवानगी नाही. पहिल्या दिवशी एकामागून एक परीक्षा नापास झाल्या. आणि रंजिताला त्याचं समाधान वाटत होतं! मी चक्रावलो. "चूक इथंच सापडली तं बरं," ती राजदीपला म्हणाली. मग तिनं ॲप बदललं. दहा सेकंदांत जागा कळली नाही, तर चकरी थांबून चालकाला फोन लावायचं मोठं बटण समोर यायला हवं.

पुढच्या महिन्यात तिनं मला पुन्हा त्याच टिनाखाली ठेवलं. मी पुन्हा गप्प. दहा सेकंद गेले आणि बटण आलं. धुरपताबाईनं ते दाबलं. पलीकडून चालकाचा आवाज आला, "बोला ताई."

"हे जमलं," ती म्हणाली आणि माझी काच पदरानं पुसली.

मित्रांनो, तो नकली माझा भाऊ आहे की वैरी, हे मला आजही सांगता येत नाही. मी फक्त एवढंच मागतो. कुणाच्या जागी नक्कल उभी करायची असेल, तर खुशाल करा. पण आधी त्या खऱ्याला एकदा टेकडीमागं नेऊन विचारा. तो गप्प बसला, तर त्याच्यावर रागावू नका. त्याचं गप्प बसणंही नकलेत लिहून घ्या.