पोर्चचा दिवा

"बोल, काय काय सांगितलंय?" रूडीच्या पाठीवर अंधारात चकाकणाऱ्या पट्टीचा शेवटचा तुकडा दाबत शेल्बीनं विचारलं.

"रस्त्यात मधूनच पळायचं नाही. कोणाच्या घरात जायचं नाही, दारातच उभं राहायचं." सहा वर्षांचा रूडी बोटांवर मोजत होता. "पोर्चचा दिवा बंद असेल तिथं जायचंच नाही. आणि तोंडात काही टाकायचं नाही. घरी आणून टेबलावर ओतायचं, मग तू वाचणार."

"एक गोळीसुद्धा नाही."

"माहितीय गं आई! मरायचं नाहीये मला."

एरवी शेल्बीनं त्याला फाडकन उत्तर दिलं असतं. जिभेवर तिचा ताबा कधीच नव्हता. शाळाही एका बाईंशी भांडून सोडलेली. आज मात्र कोटाच्या खिशात हात घालून मांडीत टोचायचं ते इंजेक्शन आहे ना, हे तिनं तिसऱ्यांदा चाचपलं.

रूडी सांगाडा झाला होता. पण आयोवातली ऑक्टोबरची थंडी, त्यामुळं आत जाड कोट आणि वरून हाडं रंगवलेला झगा. पोट सुटलेला सांगाडा दिसत होता. त्याची तीन वर्षांची बहीण मे मधमाशी होऊन ओढगाडीत बसली होती आणि स्वतःचाच पंख चघळत होती.

सहाच्या ठोक्याला सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागणाऱ्या पोरांनी गल्ली भरली. या गावात नुसतं दार वाजवून काही मिळत नाही. आधी जोक सांगायचा, मग गोळ्या. रूडी चार घरी गेल्या वर्षीचाच जोक सांगून आला.

"नवा का नाही सांगत रे?"

"तो मिस्टर हॉगनसाठी ठेवलाय. ते म्हणाले होते, हा मी ऐकलाय, पुढच्या वर्षी नवा आण, दोन लाडू देतो."

म्हातारा हॉगन कोपऱ्यावर राहायचा. त्याची बायको आर्डिस दर वर्षी मक्याच्या लाह्या पाकात घोळून लाडू वळायची आणि मेणकागदात बांधून पोरांना द्यायची. हल्ली घरचं कोणी कोणाला देत नाही. आर्डिस द्यायची. गेल्या वर्षी याच रात्री रूडीचा घसा सुजला, ओठ निळे पडले. शेंगदाणा त्याला चालत नाही, कणभरसुद्धा. ॲम्ब्युलन्सच्या लाल उजेडात, अख्ख्या गल्लीसमोर शेल्बी हॉगनच्या अंगणात उभी राहून ओरडली होती, "तुमच्या लाडवानं माझं पोर मारलं!"

पोर वाचलं. तिसऱ्या दिवशी घरी आलं. चौथ्या दिवशी शेल्बी स्वयंपाकघर झाडायला लागली तेव्हा टेबलाखाली एक नारिंगी कागद सापडला. नेहमीच्या चॉकलेटचाच होता, पण सणासाठी भोपळ्याच्या आकारात काढलेल्या वड्यांचा. नेहमीच्यात नसतं ते यात होतं, पीनट बटर, म्हणजे शेंगदाणाच. त्या रात्री फोन खांद्यात धरून ती रूडीच्या बापाशी भांडत होती, आणि भांडता भांडताच तिनं ती वडी सोलून पोराच्या हातात दिली होती. तिनं. स्वतः. आर्डिसचा लाडू पिशवीच्या तळाशी मेणकागदासकट तसाच होता. दोन्ही तिनं कचऱ्यात टाकलं आणि झाकण दाबून लावलं.

तोवर शाळेतून चिठ्ठी आली होती की घरी केलेलं काही वाटू नये. नाव कोणाचं नव्हतं. तशी गरजही नव्हती.

"दिवा बंद आहे," कोपऱ्यावर येताच शेल्बी म्हणाली. "चल पुढं."

"पण टीव्ही चालू आहे. खिडकी निळी दिसतेय. ते घरीच आहेत."

"नियम काय आहे?"

"दिवा बंद तर जायचं नाही." रूडीचा आवाज बारीक झाला. "पण मी वर्षभर पाठ केलाय ना गं."

शेल्बी फुटपाथवर उभी राहिली. पुढं जोडी नावाच्या शेजारणीच्या अंगणात शेकोटी पेटली होती, निम्मी गल्ली तिथं जमली होती. सरळ निघून जाता आलं असतं. नियम तिच्या बाजूनं होता.

तिनं ओढगाडी वळवली आणि अंधाऱ्या पोर्चवर चढून दार वाजवलं.

दार वीतभर उघडलं. "दिवा बंद आहे. दिसत नाही?"

"दिसतं," रूडी म्हणाला. "पण तुम्हीच नवा जोक आणायला सांगितलं होतं."

म्हाताऱ्यानं खाली वाकून त्याच्याकडं पाहिलं. "तूच का तो?"

"हो. मी मेलो नाही."

हॉगननं चौकट धरली. म्हणाला, "सांग."

"सांगाड्याच्या पोटात भीतीनं गोळा का येत नाही?"

"का?"

"त्याला पोटच नाही!"

म्हातारा हसला नाही. फक्त नाकातून फस्स आवाज आला. "हा नव्हता ऐकला. पण माझ्याकडं द्यायला काही नाही बाळा. या घरात आता कोणी काही करत नाही."

"मिस्टर हॉगन," शेल्बी म्हणाली. "त्यानं तुमचा लाडू खाल्लाच नव्हता. तसाच होता पिशवीत. त्याला चॉकलेट मी दिलं होतं. न वाचता."

"कधी कळलं तुला?"

"चौथ्या दिवशी."

"चौथ्या दिवशी." हॉगननं तो शब्द चावल्यासारखा म्हटला. "आर्डिस मार्चमध्ये गेली. तोवर रोज भिंग घेऊन तेलाची बाटली वाचायची. मग साखरेची पिशवी. मग परत बाटली. शेंगदाणा कुठं लपलाय ते शोधायची. मी म्हणायचो, अगं बाई, नाहीये त्यात काही. तर म्हणायची, मग पोराला झालं कशानं?"

मी एकटी होते, बावीस वर्षांची होते, घाबरले होते. सगळं शेल्बीच्या तोंडापर्यंत आलं. तिनं ते गिळलं.

"मला माफ—"

"मला काय सांगतेस? मला माहीतच होतं. तिला सांगायचं होतंस." त्यानं जोडीच्या अंगणाकडं मान वळवली. "आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

दार लागलं.

रूडी पायऱ्या उतरला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे ते तू दिलं होतंस?"

"हो."

"पण तू तर सगळं वाचतेस."

"त्या दिवशी नव्हतं वाचलं."

रूडीनं विचार केला. गोळ्यांची बादली पोटाशी घट्ट धरली. "आज दोनदा वाच," तो म्हणाला.

"दोनदा वाचते."

जोडीच्या अंगणात कोकोचा वास होता. रूडीनं जोक सांगितला, सगळे खो खो हसले. कोणीतरी त्याच्या फुगलेल्या पोटात बोट खुपसून म्हणालं, "खोटारड्या, हे काय मग?"

"आणि तू गं शेल्बी?" जोडी गोळ्यांचा वाडगा मागं ओढत म्हणाली. "फुकट कोको नाही मिळायचा हां. जोक सांग!"

"जोक नाहीये माझ्याकडं." शेल्बीनं ओढगाडीचा दांडा सोडला. "दुसरं सांगायचंय. सगळ्यांनी ऐका."

गेल्या वर्षी गल्लीनं हाच आवाज ऐकला होता. शेकोटीभोवतीची तोंडं एकेक करून वळली. जोडीचं हसू तसंच अर्धवट राहिलं.

"आर्डिसच्या लाडवात काही नव्हतं," शेल्बी म्हणाली.

तिथलं सांगून झाल्यावर तिनं रस्त्याकडं पाहिलं. अजून अकरा पोर्चचे दिवे चालू होते, तिथंही हेच सांगायचं होतं. तिनं एका हातात ओढगाडीचा दांडा घेतला, दुसऱ्यात रूडीचा हात धरला, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि रस्ता ओलांडला.